बाबांच्या मुठीतला सेन्सर

रोहा, रविवार, १२ जानेवारी १९९७

उष्णता मोजणारं माझं कार्ड शेवटी कॉम्प्युटरला सापडलं. आठवडाभर पडद्यावर तेच, ‘कार्ड नाही’. सोल्डरिंग तपासलं, वायर बदलल्या, तरी ‘कार्ड नाही’. कॉम्प्युटर ज्या पत्त्याच्या आकड्यावर प्रिंटरचं कार्ड ओळखतो, तोच पत्ता मी यालाही दिला होता. एवढं साधं मला आधी का सुचू नये? पत्ता ठरवणारी कार्डावरची छोटी टोपी, जम्पर, एक घर सरकवला आणि पडद्यावर खोलीचे सव्वीस अंश दिसले.

मिठागरावर जाणं थांबल्यापासून बाबा कशातच रमत नाहीत. त्यांना बोलावून कार्डाच्या वायरच्या टोकाचा सेन्सर मुठीत दिला. आकडा तेहतीसवर गेला.

“ही माझ्या हाताची ऊब हाय?”

“व्हय, बाबा.”

ते बराच वेळ मूठ मिटून बसले. मग म्हणाले, “आता तू धर गो. बघू कोणाचा हात गरम.”

त्यांचाच निघाला. जेवतानाही तेच सांगत होते.