बाईसाहेबांचं दुखणं

मंगळवार, ४ मार्च

बाईसाहेब आजही जेवली नाही. वाटीला नाक लावलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत दादाच्या पलंगाखाली जाऊन पडली. दादाला जाऊन आज अठरा दिवस झाले. नाव त्यानेच ठेवलेलं. "घर तिचं आहे, आपण दोघं भाडेकरू," म्हणायचा.

कामावर, चष्म्याच्या दुकानात, मालक म्हणाले, "कुत्र्यांना सगळं कळतं हो. वेळ द्या तिला."

वेळ देतेय.

शुक्रवार, ७ मार्च

मावशीचा फोन. "रडलीस का गं?" मी म्हटलं, वेळ कुठे मिळतो. "दगड आहेस नुसती! ते मुकं जनावर बघ, अन्नपाणी सोडून बसलंय भावासाठी. आणि तू सख्खी बहीण!"

अन्न सोडलंय, पाणी नाही. पाणी उलट खूप पिते. सकाळी भरलेलं भांडं मी येईपर्यंत कोरडं. हे मावशीला सांगितलं नाही.

खरं लिहायचं तर मावशीचं बोलणं लागलं नाही. बरंच वाटलं. घरात कुणीतरी दादाचं दुःख नीट करतंय. मला जमत नाही. तो गेला तेव्हा दवाखान्यात जमलं नाही, नंतरही नाही. माझ्या वाट्याचं बाईसाहेब करते असं वाटतं. संध्याकाळी पलंगाखाली हात घालून तिच्या डोक्यावर ठेवते. ती एकदाच जीभ लावते. मग बसतो दोघी.

रविवार, ९ मार्च

बाहेरच्या खोलीत लघवी केली — नऊ वर्षांत पहिल्यांदा! मला बघून कान पाडले. रागावले नाही. पुसलं आणि म्हटलं, "असू दे गं. होतं असं."

बुधवार, १२ मार्च

सकाळी पिवळी उलटी. उठली तर मागचे पाय लटपटत होते. पोट मात्र टम्म. आठ-दहा दिवस न जेवणाऱ्याचं पोट फुगतं कसं? हे मला आज सुचतंय! आणि दिवसभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढते मी.

चादरीत गुंडाळून टॅक्सीने नेली. डॉक्टरीणबाई तरुण, तोंडाने फटकळ. "नसबंदी झालीय?" नाही. "माजावर कधी आली होती?" जानेवारीत. (दादाने स्वतःच्या जुन्या चड्डीला शेपटीपुरतं भोक पाडून तिला घातली होती. वर तिलाच म्हणाला, "शोभते हो तुम्हाला.") "पाणी जास्त पिते? किती दिवस?" सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

मी म्हटलं, तिचा मालक, म्हणजे माझा भाऊ, नुकताच गेला, त्यामुळे मला वाटलं की दुःखाने—

"दुःखाने पोटात पू होत नाही, ताई."

सोनोग्राफीत गर्भाशय पुवाने भरलेलं दिसलं. त्याचं तोंड बंद, म्हणून बाहेर काहीच आलं नाही. नसबंदी न झालेल्या, वयस्कर कुत्रीला माजानंतर महिन्या-दोन महिन्यांत असं होतं. नेहमीचा आजार म्हणे. खूप तहान, लघवी, भूक नाही, उलटी — एकेक लक्षण माझ्यासमोर होऊन गेलेलं. आत फुटलं तर खेळ खलास. आजच्या आज ऑपरेशन. "किडन्या दमल्यात. भूल झेपेलच असं सांगत नाही. आठ दिवस आधी आणायची होती."

फॉर्मवर छापलं होतं, 'प्राण्याशी संबंध'. मी 'बहीण' लिहिलं. खोडायचं राहून गेलं.

सात वाजता फोन आला — शुद्धीवर आली. पण दोन दिवस काही सांगता येणार नाही.

गुरुवार, १३ मार्च

दुकानात गेले नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून होते. पिंजऱ्यात सलाइन लावलेली, डोळे अर्धे मिटलेले. ती झुरतेय म्हणून मला बरं वाटत होतं, आणि ती आतून सडत होती. दादा असता तर पहिल्या दिवशीच घेऊन गेला असता. मला ओरडला असता. ओरडायला हवा होता कुणीतरी.

शुक्रवार, १४ मार्च

दोन चमचे उकडलेलं चिकन खाल्लं! डॉक्टरीणबाईंच्या हातून. मी दिलं तर तोंड फिरवलं. चालेल.

रविवार, १६ मार्च

घरी आणली. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचं मोठं नरसाळं. दारावर आपटते, खुर्चीवर आपटते, मुद्दाम माझ्या पोटरीवर आपटते. गोळी अंड्यात लपवून दिली. अंडं खाल्लं आणि गोळी अलगद फरशीवर काढून ठेवली. चाटून स्वच्छ केलेली! चौथ्या खेपेला गेली एकदाची.

दोन वेळा हिरड्यांचा रंग बघायचा, टाके बघायचे, पाणी मोजून द्यायचं. मोजायचं काम मला जमतं.

सोमवार, २४ मार्च

टाके निघाले. किडन्याही ताळ्यावर आल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता माझं डोकं खाऊ नका, तिला खाऊ द्या." घरी आल्याआल्या माझी चप्पल पळवली, कुरियरवाल्यावर भुंकली आणि दादाच्या पलंगावर चार पाय वर करून झोपली.

मावशीला कळवलं. "म्हणजे दुःखबिख काही नव्हतंच तिला?" नव्हतं. "बघ! जनावर ते जनावरच." हसली. मीही हसले.

फोन ठेवल्यावर वाटलं, आता या घरात दादासाठी कुणीच काही करत नाही.

गुरुवार, २७ मार्च

दुकानात वीज नव्हती, म्हणून लवकर घरी. खाली सहा दहाची बस थांबली. शाळेतली नोकरी आटोपून दादा त्याच बसने यायचा. ब्रेक लागल्याबरोबर बाईसाहेब उठली, बाल्कनीत गेली आणि पुढचे पाय कठड्यावर ठेवून उतरणारा एकेक माणूस बघू लागली. बस गेली तरी तशीच उभी. मग आत येऊन दाराकडे तोंड करून बसली.

मी हिरड्या पाहिल्या. गुलाबी. नाक गार, अंगात ताप नाही. सकाळचं सगळं खाल्लेलं, पाणी नेहमीइतकंच. तिला काहीही झालेलं नाही.

उद्यापासून साडेपाचला निघेन म्हणून मालकांना सांगायचं. सहा दहाला तिच्याजवळ कुणीतरी हवं.