काम झाल्याशिवाय सांगायचं नाही

आई, तुला लिहायला बसले आणि दोनदा उठले. एकदा कुकर बंद करायला आणि एकदा उगाच, फोन चार्जिंगला लावलाय का ते बघायला. लावलेला होता. आज शुक्रवार, मस्कतला सुट्टी, आणि बाहेर ऊन असं की रस्त्यावर चिटपाखरू नाही. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, आता माझे केस तुझ्यापेक्षा जास्त पांढरे झालेत. इतक्या वर्षांत तुला कधी एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते आहे, कारण मला तुझ्यावर रागवायचं आहे.

तर ऐक, मी लग्न केलं. या वयात, व्हय. तो आपल्या हर्सूलकडचाच, बरीच वर्षं अमेरिकेत आहे, आता तिथला नागरिक झालाय. मी इथे एका दवाखान्याच्या लॅबमध्ये. दोघंही एकटं राहून कंटाळलेले. सुट्ट्या जुळवून घरी आलो आणि रजिस्टर लग्न केलं. तुझं औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर झालंय, त्यामुळे माझ्या जन्मदाखल्यावर एक गाव आणि लग्नाच्या दाखल्यावर दुसरं, त्याचाही खुलासा अर्जाला जोडावा लागला. साक्षीला त्याचा एक मित्र, त्या मित्राची बायको आणि वकिलांचा कारकून. दादाला सांगितलं नाही. तो सिडकोत, रिक्षानं जाण्याइतका जवळ, तेव्हा बहुधा जेवून आडवा झाला असेल. सोयगावच्या मावशीला सांगितलं नाही. आधी मला अमेरिकेचा व्हिसा मिळू दे, मग हॉल घेऊ, पेढे वाटू, असं आम्ही ठरवलं. आम्ही म्हणजे मीच. तो बिचारा म्हणत होता, "अगं, निदान तुझ्या भावाला तरी बोलव." मी म्हटलं, काम झाल्याशिवाय सांगायचं नाही. हे वाक्य कुणाचं, ते तुला सांगायला नको.

तू टेलिफोन एक्सचेंजमध्ये होतीस. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचे ट्रंक कॉल जोडायचीस. कुणाची सोयरीक मोडली, कुणाला मुलगा झाला, कुणाचं दुकान बसलं, सगळं तुझ्या कानावरून जायचं, आणि घरी आल्यावर तू फक्त दूध तापवलं का ते विचारायचीस. एकदा तिथला मोडका हेडफोन मला खेळायला आणून दिलास, तर मी तो घालून गल्लीभर बातम्या देत फिरले. तू नोकरीत कायम झालीस ते बाबांनासुद्धा माहीत नव्हतं. ते स्वयंपाकघर मला आत्ताही दिसतं. तू भाकरी थापते आहेस, बाबा पाटावर बसलेत, आणि तव्याकडे बघतच तू म्हणतेस, "कायम झाले मी. ऑर्डर आली हातात." बाबांचा घास तसाच राहतो. "अगं, मला तरी सांगायचं!" "कशाला? लोकाच्या नजरा लई वाईट असत्यात." लोक म्हणजे बाबा! आम्ही दोघं भावंडं तोंडावर हात ठेवून हसलो होतो.

पुढच्याच उन्हाळ्यात माझं हसू गेलं. दादाला पॉलिटेक्निकला प्रवेश मिळणार, हे मी शेजारच्या काकूंना सांगून टाकलं आणि यादीत त्याचं नाव आलं नाही. मार्क कमी पडले होते, एवढंच. पण तू माझा दंड धरून म्हणालीस, "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाय. तुझ्यामुळं झालं हे." मी दहा वर्षांची असेन. मला ते खरंच वाटलं गं. मग मी गप्प बसायला शिकले, इतकी पक्की शिकले की सगळे म्हणायला लागले, पोरगी आईवर गेली.

आणि ही तुझ्यावर गेलेली पोरगी व्हिसाच्या मुलाखतीला इथल्या अमेरिकन वकिलातीच्या खिडकीसमोर उभी राहिली. काचेपलीकडच्या बाई सभ्य होत्या. लग्नाला घरचं कोण होतं? कुणी नाही. भाऊ त्याच शहरात राहतो ना? हो, पण त्याला माहीत नाही. मैत्रिणी, कामावरची माणसं? कुणालाच माहीत नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि कारण विचारलं. आमच्याकडे काम पुरतं झाल्याशिवाय बोलत नाहीत, दृष्ट लागते, हे मी इंग्रजीत सांगायला लागले आणि बोलता बोलताच मला कळत होतं की हे ऐकणाऱ्याला कसं वाटत असेल. एखाद्यानं कागदापुरतं लग्न केलं, तर तो याहून वेगळं काय सांगेल? त्या म्हणाल्या, "तुम्हाला नेमकी भीती कुणाची होती?" मी मनात एकेक माणूस आठवून पाहिला. दादाची? मावशीची? शेवटी त्यांनी सांगितलं, तुम्हाला नवराबायको म्हणून ओळखणाऱ्या माणसांची पत्रं आणा, मग पुन्हा बोलावू. इकडे आमची लॅब बंद होते आहे आणि माझं इथलं राहण्याचं कार्ड दिवाळीच्या आत संपतंय. तोवर निकाल लागला नाही तर मला परत जावं लागेल, फाइल मुंबईला जाईल, पुन्हा नव्यानं रांग. हा फोनवरचा संसार आणखी किती वर्षं ओढायचा? आम्ही काही पंचविशीतले नाही.

दादाला फोन करायच्या आधी मी या खोलीत किती फेऱ्या मारल्या असतील. सांगितलं तेव्हा त्यानं आधी टीव्ही बंद केला. मग तो म्हणाला, "मी इथं सिडकोत व्हतो बाई, आन् तू कारकुनाची सही घेतली? मी काय नजर लावणार व्हतो तुला?" मी म्हटलं, आईनं शिकवलं तेच केलं. त्यावर तो एकदम चिडला. "आईचं नको सांगू मला. आईनं काय केलं, ठाव हाय ना तुला?"

ठाऊक आहे. काखेत गाठ लागली, तू एकटीच दवाखान्यात जाऊन आलीस आणि ठरवलंस की रिपोर्ट आला की सांगू. रिपोर्ट आला, तर पोरीची परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली, तर पोराच्या नोकरीचं होऊ दे. आम्हाला कळलं ते तुला हात वर करून फळीवरचा पिठाचा डबा काढता येईना तेव्हा. दिवसभर दुसऱ्यांचे निरोप पोचवणारी बाई, आणि स्वतःचा निरोप स्वतःच्या घरात पोचवला नाहीस. आई, ते कुठलं काम होतं गं? ते पुरतं व्हायची वाट कशाला बघत होतीस? मी या लॅबच्या कामात शिरले ती त्या गाठीमुळेच. रोज सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर लोकांच्या गाठींचे नमुने बघते आणि मनात म्हणते, वेळेत आली ही बाई, हिनं कुणाला तरी सांगितलं असेल. तुझा राग येतो मला. तू हवी होतीस म्हणून येतो.

दादानं दुसऱ्याच दिवशी पत्र लिहून पाठवलं, आमच्या बालपणापासून सुरुवात केलीय वेड्यानं. मावशी फोनवर आधी रडली, मग म्हणाली, "व्हय गं, मंग साडी कुणी नेसवली तुला?" मीच नेसले म्हटल्यावर पुन्हा रडली. आणि संध्याकाळी तिनं सोयगावात ओळखीच्या सगळ्या घरी पेढे वाटले. व्हिसाच्या आधी! नवऱ्याला सांगितलं तर तो इतका हसला की मलाही हसू फुटलं. लॅबमधल्या बायकांना सांगितलं, घरमालकांना सांगितलं, एकदा तोंड उघडलं तर मिटेनाच. भीती कुणाची होती, त्या बाईंना आता सांगता येईल. कुणाचीच नव्हती, मला फक्त माझ्या तोंडाची भीती होती.

पुन्हा बोलावणं आलंय. पत्रं एका पिशवीत भरून दाराच्या खुंटीला अडकवली आहेत आणि येता-जाता मी ती चाचपते. हे पत्र त्या पिशवीत जाणार नाही, आणि तुझ्याकडे पाठवायची सोय नाही, तेव्हा ते उशीखालीच राहील. काम व्हायच्या आधी तुला सगळं सांगितलं, हे आयुष्यात पहिल्यांदा.

फक्त मुलाखतीचा दिवस कोणता, ते नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. दादा रोज विचारतो आणि मी म्हणते, अजून कळलं नाही. तुलाही नाही सांगत, आई.