तांब्याचा टोप आणि तांब्याच्या गोळ्या

अझैबा, मस्कत
जानेवारी २०१६

आदरणीय सिराज दुल्हाभाई यांना धाकट्या मेहुण्याचा, सादिकचा, सलाम.

तुमची तब्येत, रहिमाआपाचे गुडघे आणि दापोलीच्या इस्पितळातली तुमची रक्त तपासायची नोकरी, तिन्ही ठणठणीत असोत. मी मजेत आहे. अक्षर वेडंवाकडं येतंय ते चालवून घ्या, हल्ली हात थरथरतो. (वय झालं, दुसरं काय!) पोटातही मधूनमधून पीळ पडतो, पण परक्याच्या घरी राबणाऱ्याच्या पोटाची चौकशी कोण करतो?

आपाला जपून सांगा, अम्माचा तांब्याचा टोप गेला. हरवला नाही, चोरीला गेला नाही. कचऱ्याच्या पेटीत गेला, आणि तो टाकायला मलाच लावलं.

आमचा अर्बाब, म्हणजे मालक, मोठा शिकारी. दर हिवाळ्यात रायफल घेऊन आफ्रिकेत जातो नि हरणाचं मांस बर्फात बांधून आणतो. मांड्या, चापा घरच्यांना. गोळी लागून फाटलेलं, काळं पडलेलं मांस त्यांच्या टेबलावर शोभत नाही, म्हणून ते माझ्या वाट्याला. मी आपाच्या मसाल्यात त्याचा असा खिमा करतो की बोटं चाटत बसावं. (एकटाच खातो. ड्रायव्हर जनार्दन माळकरी, त्याला वासही सोसत नाही.) तर यंदा अर्बाबच्या रक्तात शिसं निघालं. आता शिसं आलं कुठून? घरातल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. हिंदुस्तानी हळद! हिंदुस्तानी मसाला! टोपाची कल्हई! माझ्या हातचं खाऊन ज्यांची पोरं मोठी झाली, त्यांनी मला एका सकाळीत विष घालणारा ठरवलं. मालकीणबाईंनी आपाचा मसाला बरणीसकट फेकला, टोपाकडे बोट दाखवलं नि म्हणाल्या, "यल्ला, खलास." अंगाची लाही लाही झाली हो दुल्हाभाई. पण व्हिसा त्यांच्या हातात, तेव्हा तोंड शिवून टोप उचलला. मग मला स्वयंपाकघरात पाऊल टाकायची बंदी. जेवणाचे डबे बाहेरून, आणि मी बागेत खजुराची पानं झाडतोय. (वाळवंटात झाडू मारून पाहा कधी. वाळू काही संपत नाही.)

शेवटी एका शहाण्या डॉक्टराला शिकारीबद्दल विचारायचं सुचलं. फ्रीजरमधल्या मांसाचा एक्स-रे काढला, तर आत पांढरे ठिपकेच ठिपके. शिशाची गोळी हाडावर आपटली की तिचा चुरा मांसात पसरतो म्हणे. अख्ख्या घराची तपासणी झाली. मालकीणबाई, पोरं, एवढंच काय, अर्बाबच्या लाडक्या ससाण्याचंही रक्त काढलं. त्या पाखराला एसीच्या गाडीतून नेलं. आणि अर्बाबने शिशाच्या गोळ्या टाकून दिल्या आणि बिनशिशाच्या मागवल्या. कशाच्या? शुद्ध तांब्याच्या! माझं तांबं कचऱ्यात नि त्याचं तांबं मखमलीवर! आता बोला.

नव्या गोळीसाठी रायफलीचा नेम पुन्हा लावून घ्यावा लागतो, हे दुकानदाराने बजावलं होतं. पण अर्बाबला कोण शिकवणार? सरावाला गेला, सगळ्या गोळ्या निशाणाच्या वीतभर खाली. दोष कुणाचा? माझ्या सकाळच्या पराठ्याचा. तूप जास्त झालं, म्हणून नेम चुकला! (म्हणजे मला पुन्हा चुलीपाशी घेतलं होतं, हे आलं ना लक्षात?) माफीचा शब्द नाही. टोपाच्या बदली एक अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं दिलं, वर मी खूश आहे का म्हणून विचारलं. मी हसून मान डोलावली. त्या हसण्याची अजून शरम वाटते.

सर्वांना सलाम.

तुमचा,
सादिक

ता. क. आपाला मसाला पाठवायला सांगा. मालकीणबाईंनीच मागितलाय, डब्यातल्या जेवणाला म्हणे चव नव्हती.

ता. क. आणखी एक. डॉक्टर जाता जाता म्हणाला, सगळ्यात जास्त शिसं गोळीच्या जखमेभोवतीच्या मांसात असतं. माझं रक्त कुणी काढलं नाही. मी विचारलं, तर अर्बाब म्हणाला, "इन्शाल्ला." पुढच्या महिन्यात रजेवर येतोय. घरी जायच्या आधी तुमच्याकडे येईन. रक्त काढा आणि जिथे शिसं तपासतात तिथे पाठवा. माझी बायको मुनिबा तुमच्याकडून पत्र वाचून घ्यायला येईल, तिला वय झाल्याचं तेवढं वाचून दाखवा. हे पान फाडून टाका.