अप्पांना न पटलेला रंग

जुनी हुबळी,
२४ सप्टेंबर २०२५

चि. सौ. वनीस,

अण्णाचा आशीर्वाद. मंजुनाथरावांना नमस्कार. इकडे आम्ही बरे आहोत. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, आणि अप्पा गुडघ्यांशिवायही कुरकुरतात. फोनवर तू "बरं चाललंय" म्हणून उरकून टाकतेस, म्हणून कागद घेऊन बसलो. हुबळीहून धारवाडला बहिणीला पत्र धाडणारा हल्ली मी एकटाच असेन. पोस्टातला माणूस हसला तर हसू दे.

आधी दुकानाचं सांगतो. फोटो एडिटिंगचं जुनं सॉफ्टवेअर काढून नवं टाकलं. हौस माझीच. स्क्रीनवर सगळं झकास, आणि प्रिंट काढावी तर माणसं लालबुंद. केशवापूरच्या एका नवरीचा अल्बम काढला, तर बाई मांडवात नाही, दिवसभर तिखट कुटायला बसली होती असं वाटावं. तिच्या आईनं मला आधी मराठीत झाडलं, मग कन्नडात. मी शाई बदलली, कागद बदलला. वहिनीनं मीठमोहऱ्या घेऊन प्रिंटरची दृष्टसुद्धा काढली. लाली काही हटेना.

शेवटी तारिहाळच्या लेबलं छापणाऱ्या कारखान्यातला आपला शंकर आला. रंग सांभाळायचं काम सॉफ्टवेअरही करतंय आणि प्रिंटरही करतोय, म्हणून दुप्पट चढतोय, असं त्यानं दाखवलं. तू जाण्याआधी बसवून ठेवलेलं सेटिंग नव्या सॉफ्टवेअरच्या भरात पुसलं गेलं होतं. दोघांपैकी एकाला गप्प बसवलं, काम झालं. तू असतीस तर चहा निवायच्या आत उरकलं असतंस. तुला विचारावं म्हणून मी फोन हातात घेतलाही होता, पण अप्पा समोरच बसले होते.

बरं, टेस्टला आपण कुठला फोटो छापतो ते विसरली नसशील. आईचं हिरवं इरकल नेसून, केसांत पांढरी शेवंती माळून दुकानाच्या दारात उभी आहेस तो. चेहऱ्याचा रंग, हिरवा, पांढरा, काळा, सगळं एका फोटोत तपासता येतं म्हणून अप्पांनीच तो ठरवला होता. तू परजातीत लग्न केलंस तेव्हा त्यांनी भिंतीवरचे तुझे सगळे फोटो उतरवले, नाव घ्यायचं नाही म्हणाले. हा एक तेवढा कॉम्प्युटरात राहिला. कामाचा म्हणून.

त्या लालीच्या दिवसांत टेस्टवर टेस्ट निघत होती. अप्पा प्रत्येक प्रिंट चष्म्याला लावून बघायचे आणि "सरी इल्ला" म्हणून बाजूला ठेवायचे. बरोबर नाही, एवढं सांगायलाही ते रागात कन्नडात शिरतात, तुला ठाऊकच आहे. शंकर गेल्यावर मी नवी प्रिंट त्यांच्या हातात दिली. चोख आली होती. तुला पाळण्यापासून बघितलंय, मला कळत नाही होय? अप्पा म्हणाले, सरी इल्ला, उद्या परत काढ. दुसऱ्या दिवशीही तेच. गिऱ्हाइकांचे अल्बम बिनबोभाट जायला लागले, केशवापूरची ती आई पेढे देऊन गेली, तरी रोज दुकान उघडलं की अप्पांचं आपलं एकच, टेस्ट काढ.

काल माझं डोकं फिरलं. म्हटलं, अप्पा, मशीन ठीक झालंय, आता नेमकं काय चुकतंय ते तरी सांगा. त्यांनी प्रिंट परत चष्म्याला लावली. मग मराठीत म्हणाले,

"माझी वनी गव्हाळ आहे रे. ही तिच्यासारखी दिसते. पण ती नव्हे."

तुझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच तुझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं. मी उगाच कागद कापायचा कटर पुसत बसलो.

नापास झालेल्या प्रिंटा ते फेकतात, असं मी धरून चाललो होतो. आज वहिनी त्यांच्या खोलीत झाडायला गेली, तर आईच्या ट्रंकेत, त्या इरकलाच्या घडीवर सगळ्या नीट रचून ठेवलेल्या. लालबुंदसुद्धा.

ते तुला बोलावणार नाहीत, वनी. आणि तूही त्यांचीच लेक, बोलावल्याशिवाय यायची नाहीस. दोघांच्या हट्टात मी पिचलो. तासाभराचा बसचा रस्ता, आणि तू परदेशी गेल्यासारखी झालीस. तुझी फार आठवण येते गं. दुकानात कुणी जोरात हसलं तरी मी मान वर करून बघतो.

पुढच्या बुधवारी खंडेनवमी आहे. मशीनला कुंकू नेहमी तू लावायचीस. आता वहिनी लावते, आणि वाकडं लागलं म्हणून अप्पा तिच्यावर गुरगुरतात. यंदा तू ये. मंजुनाथरावांनाही घेऊन ये, अप्पा काही बोलले तर मी बघून घेतो.

सोबत कालची प्रिंट धाडतोय. येताना आठवणीनं आण. दुकानाच्या दारात, उजेडात, ही हातात धरून अप्पांपुढं उभी राहा, आणि त्यांना एकदा ताडून बघू दे.

रोज सकाळी तुझाच चेहरा छापणारा,
तुझा अण्णा
नागेश