शर्ट आतच असावा

८ जानेवारी
थंडी. शाळेच्या हेडमास्तरीण यामिनी मॅडम सकाळी फाटकात भेटल्या. यंदा २६ जानेवारीचा झेंडा फौजी माणसाच्या हातून फडकवायचा, तोही फुल ड्रेसमध्ये, असं शाळेनं ठरवलंय म्हणाल्या. मी म्हटलं, मंजूर. त्या आणखी काही सांगणार होत्या, पण मी फाटक लावून घेतलं. तोंडावर स्तुती ऐकायची मला सवय नाही.

आमच्या रोहण्यात फौजी कोण? मेजर. मेजर कोण? मी. फौजेतून आलेल्या कोणालाही गाव मेजर म्हणतं हे खरं, पण मला म्हणतात तेव्हा आवाज वेगळा असतो. रिटायर झाल्यापासून दर वर्षी तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीवरून झेंडा बघतोय. एकदा ती दोरी आपल्या हातात यावी, बाकी आयुष्याकडून काही मागणं नाही. आली शेवटी.

९ जानेवारी
ट्रंक उघडली. युनिफॉर्म जसाच्या तसा. ऑलिव्ह ग्रीन, एकरंगी, इमानदार. कडुनिंबाचा पाला घालून ठेवला होता. अख्खी नोकरी कपडा स्टोअरमध्ये काढली, कापड कसं जपायचं हे मला कोणी शिकवू नये.

पँट घालून पाहिली. आटली आहे. कमरेत चांगली चार बोटं. नवल आहे, कारण जुनं कापड आटत नाही. रुख्मा म्हणे, कापड हाय तसंच हाय, पोट तुमचं सुटून राह्यलं, कापडाले काऊन नावं ठेवता. बायकोला कापडातलं काय कळतं?

संकल्प: उद्यापासून पहाटे आर्वी रोडनं चालणं. भात बंद.

१० जानेवारी
धुकं. चालणं उद्यापासून.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळाचे लाडू. तीळ म्हणजे भात नव्हे.

लेकीचा, अंकिताचा फोन. जावई धीरजराव सुट्टीवर येताहेत, दोघं सतरा तारखेला पुलगावला उतरतील. यामिनी मॅडमनी अंकितालाही फोन केला होता म्हणे, जवाईबुवाले ड्रेस घेऊन यायले सांगजो. माझ्या लगेच लक्षात आलं. झेंडा फडकवणाऱ्याच्या बाजूला एक जवान उभा लागतो. मॅडमना प्रोटोकॉल कळतो.

१७ जानेवारी
आले. रुख्मानं ओल्या तुरीचे सोले घालून वांग्याची भाजी केली होती, पाटवड्या केल्या होत्या. भात जावयाबरोबर थोडा घेतला. पाहुण्याचा मान राखावा लागतो.

जेवणानंतर अंकितानं हौसेनं त्यांना नवीन ड्रेस घालून दाखवायला लावला. डोळे मिटून घ्यावेसे वाटले. अंगभर चौकोनी ठिपके. टीव्हीचा सिग्नल गेल्यावर दिसतं तसं. शर्ट बाहेर. फौजी आहे की पिशवी घेऊन भाजीला निघालेला मास्तर? बेल्ट आहे, पण शर्टाच्या आत. लपवायचाच तर लावता कशाला? आणि सगळ्यात कडी म्हणजे पँटीच्या कमरेला इलॅस्टिक! फौज आहे का बालवाडी?

छातीच्या मधोमध रँकची पट्टी, तिच्यावर एक स्टार. नायब सुभेदार. प्रमोशन नुकतंच झालं. आमच्या काळी हवालदाराला जी इज्जत होती ती आता सुभेदाराला नाही. मी हवालदार होतो म्हणून म्हणत नाही, जनरल बोलतोय.

१९ जानेवारी
जावयाशी चर्चा. मी विचारलं, या ड्रेसला खळ, म्हणजे कलफ, कधी करता? ते हसले. मामाजी, याले कलफ चालतच नाई, म्हणाले. अंगाले हवा लागली पाह्यजे, कपडा लवकर वाळला पाह्यजे, आतमंदी लेबलवरच लिहिलेलं हाय.

लेबल वाचून कपडे धुणारी फौज. धन्य आहे. जावई माणूस, मान द्यावा लागतो. पण रात्रभर ती चुरगळलेली कॉलर डोळ्यांसमोरून जाईना. कलफ नाही तर कडकपणा नाही, कडकपणा नाही तर शिस्त नाही, शिस्त नाही तर देश नाही. (हे वाक्य भाषणात घालणार.)

आणि असा ढिला माणूस माझ्या बाजूला उभा राहणार? झेंड्याखाली? नाही जमायचं.

२१ जानेवारी, दुपारी
दोघं कारंजाला धीरजरावांच्या आईवडिलांकडे गेलेत, संध्याकाळी येतील. रुख्मा भजनाला. संधी बघून ड्रेस बॅगेतून काढला. रँकची पट्टी आधी सोडवून फळीवर ठेवली. अनुभवी माणूस असं काम करतो.

तांदळाची घट्ट पेज. त्यात मीठ, म्हणजे इस्त्री चिकटत नाही. हे आजकाल एकालाही माहीत नाही. पँट बुडवली, तारेवर टाकली, कोरडी झाल्यावर इस्त्री. आता भिंतीला टेकून आपल्या पायावर उभी आहे. इलॅस्टिकसुद्धा ताठ झालं. शर्टाला एक हात देऊन मन भरलं नाही, म्हणून दुसरा हात दिला. तारेवर जागा नव्हती, शर्ट कुंपणावर वाळत टाकलाय. पाठीवर तीन घड्या पाडणार, धारेनं भाजी चिरली जाईल अशा.

धीरजराव पाहतील तेव्हा त्यांना कळेल, सासरा काय चीज आहे. आता जरा पडतो.

२१ जानेवारी, संध्याकाळी
शेजारच्या लक्ष्मणरावांची बकरी. एक पूर्ण बाही, कॉलर आणि खिशाचा अर्धा भाग. मी पोचलो तेव्हा दुसऱ्या बाहीला लागली होती. ओढाओढीत ती बाहीही गेली.

दोष सरळ सरळ डिझाईनचा आहे. कपड्याला पाल्याचे रंग द्याल तर बकरी पालाच समजणार. आमच्या ऑलिव्ह ग्रीनला आजवर एका बकरीनं तोंड लावलं नाही. लक्ष्मणराव म्हणे, मेजर, रंगाले काय करते ते जनावर, पेज होती अन् वरून मीठ होतं, अजून काय पाह्यजे बकरीले. स्वतःची बकरी सांभाळता येत नाही, चालले मला अक्कल शिकवायला.

२२ जानेवारी
घरात वातावरण बरं नाही. अंकिता बोलतच सुटली. बाबा, तुमाले कोणी सांगतलं होतं हात लावाले, एकच ड्रेस आणला होता त्यायनं, हा बाजारात नाई भेटत, आता युनिटमंदी ते काय सांगतील? इतकी मोठी झाली पण बापाशी कसं बोलावं कळत नाही. रुख्मानं तांदळाचा डबा कुलपात टाकला.

जावई एक शब्द वाईट बोलले नाहीत. युनिटमंदी खरं तेच सांगीन, बकरीनं खाल्ला म्हणून, एवढंच म्हणाले. माझं नाव घेणार नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. जेवताना त्यांच्याकडे बघवेना. पित्त वाढलं असेल.

त्यांची रँकची पट्टी फळीवरून काढून परत दिली. देण्याआधी जराशी हातात धरून पाहिली. हलकी असते.

२४ जानेवारी
एक गोष्ट चांगली झाली. झेंड्यापाशी आता ड्रेसमध्ये एकच माणूस असेल, तुलना व्हायचा प्रश्नच नाही. चालायला निघालो होतो, पण रस्त्यात पोरं बकरीचा आवाज काढतात. परत आलो. या गावाला शिस्त म्हणून नाही.

२५ जानेवारी
ट्रायल. पँट आणखी आटली आहे. हवेत दमटपणा असावा. वरचं बटण लागत नाही, बेल्ट शेवटच्या भोकापर्यंत पोचत नाही. रुख्मानं मागची शिवण उसवली आणि मध्ये इलॅस्टिक बसवलं. मी विरोध केला. ती म्हणे, मंग लुंगीवर जाजा झेंड्याले. तात्पुरती सोय म्हणून मान्य केलं. इलॅस्टिक मागच्या बाजूला आहे, मागून कोण बघतं?

शर्ट आत खोचला की ते दिसतं, आणि पोटावरचं बटण बोलायला लागतं. तेव्हा शर्ट तूर्तास बाहेर. कलफ नाही, कारण तांदूळ कुलपात. आरशात दिसलं, अंकिता मागं उभी राहून तोंडावर ओढणी धरून हसत होती. कशाला हसली ते सांगितलं नाही.

भाषण पाठ आहे.

२६ जानेवारी
वेळेआधी पोचलो. पहिल्या रांगेत बसलो. धीरजराव मागं, स्वेटर घालून, अंकिताजवळ.

मॅडम माईकवर म्हणाल्या, आता ध्वजारोहणासाठी मी विनंती करते. मी उभा राहिलो. पुढे त्या म्हणाल्या, आपल्या गावचे जावई, नायब सुभेदार धीरज यांना.

मी उभाच. बसावं की उभं राहावं सुचेना. सगळं गाव बघत होतं. मागून कोणीतरी बकरीचा आवाज काढला आणि कोणीतरी त्याला चूप केलं. इतकी वर्षं स्टोअरमधून युनिफॉर्म वाटले, कोणाच्या खांद्यावर काय शोभतं ते डोळे मिटून सांगायचो. आज माझ्याच अंगावर काही शोभेना. मला घरी जायचं होतं.

धीरजराव पुढे आले. माईक घेतला नाही, मॅडमनाच सांगितलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं. मॅडम, माह्या अंगावर ड्रेस नाई, मामाजीच्या अंगावर हाय. ड्रेसवाल्याचा मान असते. मग माझ्या कोपराला धरून खांबापाशी नेलं आणि स्वतः बाजूला सावधान उभे राहिले. ड्रेस का नाही, ते बोलले नाहीत.

दोरी हातात आली. ओढली. एका झटक्यात झेंडा सुटला, फुलं डोक्यावर पडली. सॅल्यूट कडक झाला, कोण काय म्हणायचं ते म्हणो. डोळ्यांत पाणी आलं. फुलातलं काहीतरी गेलं असेल.

मग मॅडम माईकवर म्हणाल्या, आपले मेजरसाहेब वयानं मोठे असूनही नव्या काळाबरोबर चालतात, बघा, त्यांनी फौजेच्या नव्या पद्धतीप्रमाणे शर्ट बाहेर ठेवला आहे. टाळ्या. लक्ष्मणराव सगळ्यात जोरात. मी खाली बघितलं. शर्ट बाहेर. कमरेला इलॅस्टिक. कलफ नाही.

भाषण केलं नाही. घसा बसला होता.

२७ जानेवारी
पुलगाव स्टेशन. अंकिता त्या बकरीपासून माझ्याशी नीट बोलली नव्हती, गाडी आल्यावर बोलली. बाबा, तब्येतीले जपजा. ठीक आहे.

डब्याच्या दारात धीरजराव ताठ झाले आणि मला सॅल्यूट ठोकला. नियमानं आधी खालच्यानं वरच्याला, म्हणजे हवालदारानं सुभेदाराला, करायचा असतो. त्यांना माहीत नसेल असं नाही.

मीही ठोकला. गाडी पुलापलीकडे जाईपर्यंत हात खाली घेतला नाही. शर्ट बाहेरच होता.