तक्ता दोनमधली अकरा मुले

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, एका वैद्यकीय त्रैमासिकाची निवृत्त कार्यकारी संपादक, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे तर आपल्या मर्जीने, हे मृत्युपत्र लिहीत आहे. यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्याजोगे काही नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. या डॉक्टरांचे तीन लेख मी माझ्या काळात साभार परत पाठवले होते. तरीही त्यांनी दाखला दिला, तेव्हा तो निःपक्षपाती समजायला हरकत नाही.

या मजकुरात कोणाचेही नाव येणार नाही. आमच्याकडे आलेला लेख परीक्षकाकडे तपासायला पाठवण्याआधी लेखकाचे नाव, पदव्या, रुग्णालय हे सगळे काढून वेगळ्या पानावर ठेवले जाई, आणि ते पान माझ्या कपाटात कुलपात राही. परीक्षकाने माणूस बघू नये, मजकूर बघावा, एवढाच हेतू. पंचेचाळीस वर्षांची सवय आता सुटत नाही. सर्वांची पूर्ण नावे आणि पत्ते ‘परिशिष्ट अ’ या पानावर दिले आहेत. वकिलांनी यावर कपाळाला हात लावला, पण कायद्यात बसते हे शेवटी कबूल केले.

१. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागाला द्यावा. तसा अर्ज भरलेला आहे. डॉक्टरांच्या वाक्यांवर मी आयुष्यभर सुरी चालवली, आता त्यांची पाळी.

२. माझ्या मालकीचे दुमजली घर आहे. वरचा मजला माझ्या भाचीला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला, द्यावा. कॉलेजसाठी दोन वर्षे राहते म्हणून आली आणि नऊ वर्षे राहिली. त्या नऊ वर्षांत तिने मला हसायला शिकवले, हे इथे लिहून ठेवते, कारण तोंडावर सांगितले की ती विषय बदलते. न्हाणीघराचा नळ बंद झाला असे वाटल्यावर आणखी अर्धा फेरा द्यावा लागतो, हे तिने यापुढे तरी लक्षात ठेवावे. या मृत्युपत्राची व्यवस्था पाहण्याचे कामही तिच्याकडेच.

३. खालचा मजला माझ्या धाकट्या भावाला द्यावा. तो मुलांचा डॉक्टर, वय अडुसष्ट. बायको गेल्यापासून तिसऱ्या मजल्यावर एकटा राहतो, तिथे लिफ्ट नाही, आणि गुडघ्यांनी तर केव्हाच हात टेकले आहेत. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि मी चौदा. त्याची वेणीफणी सोडून सगळे मी केले. पुढे त्याच्या डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी दिवसा त्रैमासिकाच्या कचेरीत नोकरी केली आणि संध्याकाळी घरी लोकांचे प्रबंध टंकलिखित केले. उपकार म्हणून हे सांगत नाही. त्या संध्याकाळी माझ्या आयुष्यातल्या चांगल्या होत्या. तो टेबलाच्या पलीकडे बसून हाडांची नावे पाठ करायचा आणि मी चुकीचे नाव आले की टंकयंत्र थांबवायची.

४. माझी हत्यारे, म्हणजे भिंग, पोलादी पट्टी, लाल पेन्सिलींचा डबा आणि पाने सुटी झालेला वैद्यकीय शब्दकोश, त्रैमासिकाच्या सध्याच्या संपादिकेला द्यावीत. सोबत एक सूचना. लेख हातात आला की आधी तक्त्यांची बेरीज बघावी, निष्कर्ष मागून वाचावा. निष्कर्ष गोड बोलतात.

५. जुने हिशेब. सर्जरीचे निवृत्त विभागप्रमुख, वय एक्याण्णव, यांच्या नावावर दोनशे चौदा लेख आहेत. त्यांतल्या कितींमध्ये त्यांचा हात होता हे त्यांनाही सांगता येणार नाही. हाताखालच्या मुलींनी रात्रंदिवस राबून लिहायचे आणि पहिले नाव साहेबांचे, असा त्यांचा शिरस्ता. मी एकदा त्यांना लेखी विचारले की आपण या लेखासाठी नेमके काय केले. उत्तर आले, “परवानगी दिली.” तो लेख छापला त्या अंकाची माझ्याकडची प्रत त्यांना द्यावी. निदान आता तरी वाचून घ्या.

एका औषध कंपनीच्या प्रतिनिधीने आम्हाला भिंतीवरचे घड्याळ भेट दिले होते. त्याच महिन्यात त्या कंपनीच्या औषधावरचा लेख माझ्या टेबलावर होता. मी घड्याळ परत केले, आणि पुढच्या आठवड्यात ते आमच्या संपादक मंडळाच्या अध्यक्षांच्या खोलीत टिकटिकत असलेले पाहिले. अध्यक्ष आता हयात नाहीत. त्यांना माफ केले आहे. घड्याळाला नाही.

हे सगळे वाचून कोणालाही वाटेल की ही बाई धुतल्या तांदळासारखी. म्हणून पुढचे कलम. हे मृत्युपत्र मी मुळात त्यासाठीच करत आहे. घर काय, कायद्यानेही योग्य हाती गेले असते.

६. चौतीस वर्षांपूर्वी एक लेख आमच्याकडे आला. जंतुसंसर्ग झालेल्या लहान मुलांना एक इंजेक्शन देऊन पाहिले, ते निर्धोक आहे, असे त्यात म्हटले होते. नियमाप्रमाणे मी लेखकाचे पान काढून कुलपात ठेवले. लेखक माझा धाकटा भाऊ होता. खरे तर त्याच क्षणी मी अध्यक्षांकडे जाऊन सांगायला हवे होते की हा माझा भाऊ, हा लेख माझ्या हातून जाऊ देऊ नका. हा नियम त्रैमासिकाच्या नियमावलीत मीच लिहिला होता. मी गेले नाही. त्याचा पहिला मोठा लेख होता तो. मी मनातून हरखले होते.

परीक्षक म्हणून मी तो एका प्राध्यापकांकडे पाठवला. लेखकांमध्ये त्यांना ‘लाल शाई’ म्हणत, कारण त्यांच्याकडून पांढरा कागद कधी परत यायचा नाही. त्यांनी या लेखावर मात्र एकच वाक्य लिहिले होते: “तक्ता दोनमध्ये त्र्याहत्तर मुले आहेत, तक्ता चारमध्ये बासष्ट, अकरा मुले कुठे गेली?”

हा प्रश्न मी लेखकाला पाठवायला हवा होता. पाठवला नाही. तक्ते एकमेकांशी जुळवणे हे माझे रोजचे काम. एका तक्त्यात टंकलेखकाची चूक असते, मी दुसऱ्यावरून ती सुधारते, असे हजार वेळा केले होते. मी लाल पेन्सिल उचलली, तक्ता दोनमधले त्र्याहत्तर खोडले, तिथे बासष्ट लिहिले, आणि लेख दुसऱ्या, मवाळ परीक्षकाकडे पाठवला. ही टंकलेखकाची चूक नाही हे मला पेन्सिल उचलतानाच माहीत होते. पुढच्या अंकात लेख छापून आला. तक्ते अगदी चोख जुळत होते.

ती अकरा मुले उपचार अर्धवट सोडून गेली होती, हे मला पुढे त्या रुग्णालयातल्या एका परिचारिकेकडून कळले. काहींना ऐकू कमी येऊ लागले होते, म्हणून आईबापांनीच इंजेक्शने थांबवली. भावाने त्यांना यादीतून काढले. ती मुले होती याची खूणही मी पुसली. त्याचे पाप जास्त की माझे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मुद्रणशोधन करणारीने पुरावा मिटवावा, यापरते वाईट काय असणार.

तीन वर्षांनी कचेरीत एक पत्र आले. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचे, वहीच्या कागदावर, प्रत्येक ओळ सरळ. त्यांच्या मुलीला सहाव्या वर्षी आमच्याच शहरातल्या रुग्णालयात ते इंजेक्शन मिळाले होते आणि आता तिला दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नव्हते. रुग्णालयातल्या कोणीतरी त्यांना सांगितले होते की औषध निर्धोक आहे, बासष्ट मुलांवर पाहून तसे छापून आले आहे. बाईंनी फक्त एवढेच विचारले होते: “त्या बासष्टांत माझी मुलगी मोजली आहे का?”

मी त्यांना छापील उत्तर पाठवले. ‘संपादक मंडळ आपल्या पत्राबद्दल आभारी आहे.’ खाली सही माझी.

त्या बाईंचा पत्ता मी अलीकडेच शोधून काढला. त्या माझ्याच वयाच्या आहेत. त्यांची मुलगी चाळिशीची आहे, इमारतींचे नकाशे काढते. ते इंजेक्शन आता फारसे कोणी देत नाही, पण तो लेख अजून जिवंत आहे. गेल्या वर्षीसुद्धा दोन ठिकाणी त्याचा आधार घेतलेला मी पाहिला. म्हणजे आजही कोणीतरी त्या बासष्टांवर विसंबून काही ठरवत असेल. हे असेच ठेवून मला मरायचे नाही.

७. म्हणून मी त्रैमासिकाला छापण्यासाठी दुरुस्ती लिहिली आहे. ती ‘परिशिष्ट ब’. तक्ता दोनमधला बदल मी केला, हे त्यात स्पष्ट आहे आणि त्याखाली माझी सही आहे. माझ्या एकटीच्या सहीने संपादिका फार तर शंकेची नोंद छापू शकतील. अकरा मुलांची खरी हकीकत लेखकाने सांगितली तरच लेख मागे घेतला जाईल. दुसऱ्या सहीची जागा मोकळी ठेवली आहे. हा विषय मी आणि धाकटा चौतीस वर्षांत एकदाही बोललेलो नाही. त्याच्या दवाखान्यात तो लेख चौकटीत लावलेला आहे. मी तिथे गेले की खिडकीकडे तोंड करून बसते.

त्याने सही केली नाही तर कलम तीन बदलणार नाही. अट घालत नाही. मी त्याला वाढवले ते अटी घालून नव्हे. मृत्युपत्रावर मी सही करण्यापूर्वी हा सगळा कागद त्याला वाचायला द्यायचे ठरवले आहे, कारण मेल्यावर हे त्याला कळावे हा पळपुटेपणा होईल.

पुरवणी, गुरुवार, संध्याकाळचे साडेपाच

धाकटा आला. वकील आणि शेजारचे जुळारीकाका साक्षीदार म्हणून आधीच येऊन बसले होते. आमच्या छापखान्यात काकांनी अठ्ठावीस वर्षे खिळे जुळवले. भाची आत चहा करत होती. धाकट्याने पहिल्या पानापासून वाचायला घेतले. वेणीफणीपाशी थोडा हसला. कलम सहापाशी त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचले. मला वाटले, आता हा उठून जाणार.

तो म्हणाला, “तू आकडा बदललास हे मला मुद्रितातच दिसलं होतं, ताई.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर तुझी नोकरी गेली असती. तू का नाही बोललीस?”

“तुझं नाव गेलं असतं.”

चौतीस वर्षे आम्ही एकमेकांना सांभाळत होतो आणि त्या बाईंना कोणीच सांभाळले नाही. हे मी मोठ्याने म्हटले. त्याने मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि माझ्याही. जुळारीकाका उगाच छताकडे बघत होते.

मग त्याने परिशिष्ट ब पुढे ओढले. त्यात मी लिहिले होते, ‘अकरा मुले नजरचुकीने वगळली गेली.’ त्याने माझ्याच डब्यातली लाल पेन्सिल घेतली. खालचे अक्षर वाचता येईल अशी ‘नजरचुकीने’वर एकच रेघ मारली आणि ‘वगळली गेली’च्या जागी लिहिले, ‘मी वगळली.’

“एवढी कडक संपादक तू, आणि हे कसं लिहिलंस?”

“तुझ्यासाठी लिहिलं, बाळा.”

“तेच तर.” त्याने खाली सही केली. पुढे म्हणाला, “प्रत छापायला जाण्याआधी मी स्वतः त्या बाईंकडे घेऊन जातो. उद्याच. मुलीलाही भेटतो. त्यांनी दारातून परत पाठवलं तर पुन्हा जाईन.”

वकिलांनी साक्षीदारांच्या सहीसाठी मूळ कागद जुळारीकाकांपुढे सरकवला, तेव्हा धाकटा म्हणाला, “दुसरा साक्षीदार मी.”

वकील म्हणाले, “डॉक्टर, तुम्हाला यात घर मिळतंय. ज्याला मिळतं त्याने साक्ष द्यायची नसते. सही केलीत तर मृत्युपत्र राहील, पण तुमचा खालचा मजला जाईल.”

“माहीत आहे. आत्ता काय होईल बघा. दुरुस्तीखाली माझी सही आणि इथे खालचा मजला माझ्या नावावर, दोन्ही एकाच पाकिटात. लोक म्हणतील घरासाठी कबूल झाला. ताई, तुझ्या टेबलावर असं प्रकरण आलं असतं तर तू काय विचारलं असतंस?”

मला त्याचा इतका अभिमान कधीही वाटला नव्हता, त्या लेखाच्या दिवशीसुद्धा नाही. हे मी त्याला तिथेच सांगितले.

तेव्हा कलम तीन रद्द. त्यावर एक रेघ मारली असून बाजूला आमच्या सह्या आहेत. खालचा मजला परिचारिकांच्या शाळेला, लांबून शिकायला येणाऱ्या मुलींच्या राहण्यासाठी द्यावा. तो भाचीला द्यावा असे वकिलांनी सुचवले. कायद्याला ते चालते, पण ते फिरून धाकट्याच्याच घरात जाते, म्हणून मला चालत नाही. भाची चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिला विचारले. ती म्हणाली, “आत्या, मला वरचा पुरे. बाबांना मी पाठुंगळी घेऊन चढवीन.”

मात्र मृत्युपत्र माझ्या मृत्यूनंतर लागू होते, आणि मी अजून जिवंत आहे. हयात असेपर्यंत खाली कोणी राहायचे हे ठरवण्याचा हक्क माझा. धाकट्याने सोमवारी सामान घेऊन यावे. ही मात्र अट आहे.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे, आणि त्यातला एकही आकडा कोणी जुळवून घेतलेला नाही.

स्थळ: राहते घर, खालच्या मजल्यावरची बैठकीची खोली
दिनांक: १२ मार्च २०२६

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिला: (सही) शेजारी, निवृत्त जुळारी. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: (सही) डॉक्टर, मृत्युपत्र करणारीचा धाकटा भाऊ. ताईने माझ्यासमोर सही केली. या मृत्युपत्रात मला काहीही मिळत नाही, हे वाचून आणि समजून सही करत आहे.