तू रस्ता बघ, मी पाट्या बघतो

सोमवार, ३ फेब्रुवारी

चुकलो. पुन्हा! एक्झिट डाव्या हाताला निघून गेला आणि हे म्हणतात, "थांब, आता येईल बघ." काय येईल? गेला तो! मी डोळ्यांनी पाहिला जाताना. पण तोवर आम्ही मधल्या लेनमध्ये, डावीकडे हा लांबलचक कंटेनर, वळणार कुठे? पुढचा एक्झिट थेट नदीपलीकडे. तिथे उतरा, सिमेंटच्या गोदामांना वळसा घाला, उलट दिशेने परत वर चढा, सिग्नलला ट्रकच्या मागे धूर खात उभे राहा. हॉस्पिटलात पोचले तेव्हा भेटीची वेळ संपत आली होती.

ताई खाटेवर बसून दाराकडे बघत होती. ताटली समोर तशीच. सूप गार, वर साय धरलेली. झटका आल्यापासून तिची वाचा गेली आहे, उजवा हातही चालत नाही. नर्सने भरवलं तर ओठ घट्ट मिटून घेते. माझ्या हातून मात्र खाते. आई गेल्यावर मला हिनेच भरवलं, वेण्या घातल्या, शाळेत सोडलं. आता माझी पाळी, आणि मी रस्त्यावर भटकतेय! भेट चार ते पाच, जेवणही तेव्हाच येतं. पाचला दार बंद. कशीबशी अर्धी वाटी गेली पोटात.

हे खाली गाडीतच. नेहमीसारखे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज वेळेत. पण कसं? एक्झिटच्या अगदी तोंडाशी आल्यावर ओरडले, "डावीकडे, डावीकडे घे!" मागच्या टेम्पोवाल्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मनात साठलंय ते इथे ओतते, नाहीतर घरात भांडी आपटेन.

सगळ्याचं मूळ यांचा गुडघा. तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी किल्ली माझ्या हातात ठेवली. "गुडघा धरतो. क्लच दाबवत नाही. आता तू चालव." मी! पन्नाशीनंतर हौस म्हणून शिकलेली, बाजारापर्यंत जाऊन येणारी! बरं, गुडघा म्हणावा तर रोज पहाटे गच्चीवर जाऊन कुंड्यांना पाणी घालून येतात. दोन मजले. हॉस्पिटलच्या पायऱ्या मात्र चढवत नाहीत!

तेव्हाच ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं. "तू रस्ता बघ, मी पाट्या बघतो." मला ते पटलंही. शिकवणाऱ्या बाई सांगायच्या, नजर समोरच्या गाडीवर ठेवा. पाटी वाचायला मान वर केली की माझी गाडी लगेच शेजारच्या लेनमध्ये चौकशीला जाते. आणि यांनी तीस वर्षं याच हायवेवर कंपनीची बस चालवली. पुलाचे सांधे चाकाखाली धडधडले की सांगतात, आता नदी. आवाज घुमला की, आता बोगदा. मला वाटलं, असा माणूस शेजारी असल्यावर घोडं कुठे अडणार?

अडलं ना! इतकं माहीत आहे तर वेळेवर का सांगत नाहीत? नुसत्या उंटावरून शेळ्या हाकायच्या. "वेग धर." "आरसा बघ." "बोगद्यात दिवे लाव." हे सगळं वेळेवर. एक्झिट तेवढा उशिरा.

शनिवार, ८ फेब्रुवारी

लेकीचा फोन. तिच्यापाशी रडले. म्हणाली, "आई, भांडता कशाला? फोनवर नकाशा लाव की. ती बाई सांगते सगळं."

लावला. निघताना यांचं तोंड एवढंसं! "तीस वर्षं बस चालवली, आता ही बाई मला रस्ता शिकवणार."

बाई छान बोलत होती. पण जिथे खालचा रस्ता आणि वरचा पूल एकावर एक धावतात, तिथे बाई गांगरली. आम्ही वर, आणि ती आम्हाला खालच्या सिग्नलला उजवीकडे वळायला सांगतेय! कठडा फोडून उडी मारू की काय? मला दरदरून घाम फुटला. यांनी शांतपणे म्हटलं, "सरळ जा. दोन वळणं झाली की डावी लेन धर." तसंच केलं. पोचलो.

हे इतके खूश, की परत येताना शीळ घालत होते. मीही हसले. फोनवरच्या बाईला रजा दिली.

आज ताईने पूर्ण वाटी संपवली. वर माझा गाल डाव्या हाताने पुसला, सूप मला लागलं असल्यासारखा.

सोमवार, १० फेब्रुवारी

आता कळलं चुकतो का! हायवेचं काम काढलंय. एक्झिटचे नंबर नव्याने घातलेत आणि आपला एक्झिट बोगद्यानंतर लगेच फुटतो, पूर्वीसारखा पुढच्या वळणानंतर नाही. जुन्या पाट्या एकेक करून उतरवतायत. हॉस्पिटलचा सोळा होता, तो झाला एकवीस. मी आज जीव मुठीत धरून मान वर केली आणि वाचलं. निळ्या पाटीवर हा एवढा मोठा पांढरा एकवीस.

शेजारून आवाज, "पुढे सोळा. तयार राहा."

"अहो, सोळा कुठला? एकवीस लिहिलंय!"

मग म्हणे, "लिहू देत. आपल्यासाठी सोळाच."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच! सरकार नंबर बदलेल, पाटी बदलेल, रस्ता बदलेल, आमच्या ह्यांचा सोळा कायम. घरी आल्यावर चहा दिला तर अर्धा बशीत सांडला. पेपर चार दिवस घडी न मोडता पडलाय. विचारलं तर म्हणतात, "काय ठेवलंय बातम्यांत?" सगळ्या जगावर रुसून बसलाय हा माणूस.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

"बघा हं, एकवीस," मी घरातूनच बजावून निघाले. बरोबर वळलो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज लिहवत नाही. लिहिते तरी.

आज मोठा टँकर शेजारून चालला होता, सगळी डावी बाजू झाकलेली. मला मान वर करायची सोयच नव्हती. मी म्हटलं, "अहो, तुम्हीच बघा आज. मला रस्त्यावरून नजर काढता येत नाही." ते म्हणाले, "बघतोय." बोगदा संपला. मी विचारलं, "आली का पाटी?" म्हणे, "नाही अजून. सरळ चल." सरळ गेले. टँकर पुढे सरला आणि आरशात पाहते तर एक्झिट मागे! एवढी भिंतीएवढी पाटी, तीन लेनवर टांगलेली, माणूस शेजारी बसून म्हणतो, नाही अजून!

मग तेच. नदी, गोदामं, वळसा. त्यात उलट दिशेला डांबर टाकत होते, एकच लेन सुरू. मी स्टिअरिंगवर बुक्क्या मारल्या.

दार बंद झालं होतं. वॉचमन ओळखीचा, तरी मान हलवली. "पाच म्हणजे पाच, मावशी. मला बोल बसतात." खिडकीतून नर्सला खूण केली. ती बाहेर आली आणि हळूच म्हणाली, "आज काहीच घेतलं नाही त्यांनी. दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. आता भिंतीकडे केलंय."

मी गाडीत येऊन बसले आणि तोंडाला येईल ते बोलले.

"तुम्हाला मला इथे आणायचंच नाहीये! मुद्दाम करताय! ताई तेव्हा बोलली ते अजून गिळता आलेलं नाही तुम्हाला!"

लग्न ठरलं तेव्हा ताई चार माणसांत म्हणाली होती, बहीण काय बसड्रायव्हरला द्यायची? गोष्ट किती जुनी! नंतर तिनेच यांच्यासाठी स्वेटर विणले. पण हे तिच्या दारात कधी मोकळे झाले नाहीत. आणि आता ती तोंडातून शब्द काढू शकत नाही, तर हे सूड उगवणार? वर यायचं नाही. पाटी सांगायची नाही. मी म्हटलं, "तिची बोलती बंद झाली, आता तरी झालं ना समाधान?"

चष्मा काढून रुमालाने पुसत बसले. कितीतरी वेळ पुसत होते. मग एवढंच, "तसं नाही गं."

"मग कसं?"

चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पट्टा ओढला.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

अबोला. नर्सला फोन केला. सकाळी दोन घास घेतले म्हणाली, तेही जबरदस्तीने. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ताईला नळी! जिने आयुष्यात कुणाला उष्ट्या हाताने वाढू दिलं नाही.

दुपारी गेले, पोचले, भरवलं. हे गाडीत शेजारी पुतळ्यासारखे.

रात्री जेवताना स्वतःहून बोलले. "मला एकदा नीट सांग ना, कुठल्या कुठल्या पाट्या बदलल्यात? ओळीने सांग. लक्षात ठेवतो."

माझं डोकंच फिरलं. "लक्षात कशाला ठेवायच्या? समोर लिहिलेल्या असतात! डोळे नाहीत का तुम्हाला?"

"आहेत की," म्हणाले. आणि ताटावरून उठले.

शनिवार, १५ फेब्रुवारी

ठरवलं. सोमवारपासून एकटी जाणार. सांगून टाकलं.

"एकटी नको जाऊस," म्हणाले.

"का? एवीतेवी चुकायचंच आहे तर एकटी चुकेन. निदान भांडायला कुणी नसेल."

"पाट्या कोण बघेल?"

हसावं की रडावं! मी उठून स्वयंपाकघरात गेले. आज गॅसवरचं दूधही माझ्यासारखंच उतू गेलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळी खाली गेले तर हे गाडीची काच पुसतायत. माझ्या बाजूची, एकाच जागी गोल गोल. बाकी सगळी धूळ तशीच. म्हटलं, राहू द्या, गडी ठेवलाय का मी? तर म्हणे, "तुला नीट दिसलं पाहिजे."

सोमवार, १७ फेब्रुवारी

निघायच्या आधीच जाऊन शेजारच्या सीटवर बसले होते, पट्टा लावून. उतरा म्हणवलं नाही.

बोगदा संपला. रस्ता आज मोकळा होता, मान वर करून पाहिलं. एक्झिटची पाटीच नव्हती. पुन्हा बदलायला काढून नेलीय. नुसते दोन खांब, आणि मधे आभाळ.

"ही आली बघ पाटी," हे म्हणाले. "एकवीस नंबर, डावीकडे बाण. काय ठळक लिहिलंय!"

मी त्यांच्याकडे पाहिलं. समोर बघत होते. खांबांकडेही नाही, जरा बाजूलाच. म्हणजे गुडघा नव्हताच.

"हो," मी म्हटलं. "दिसली." आणि वळले.

गाडी लावली, त्यांच्या बाजूचं दार उघडलं, हात धरला. "चला वर. ताई वाट बघतेय."

आले.

"पुढे पायऱ्या आहेत," मी म्हटलं.

त्यांनी हात घट्ट धरला.